साफ केलेलं बी

प्रिय ईरा आणि निषाद,

मागच्या रविवारी फोनवर ईराने विचारलं, "आजी, तू नोकरीत नेमकं काय करायचीस?" मी म्हटलं, "गवत लावायचे." तुम्ही दोघंही हसलात. निषाद म्हणाला, तुमच्या शेजारचे काका दर शनिवारी मशीन लावून गवत कापतात आणि तरी ते वाढतंच. त्यावर तुमच्या आईने विषय बदलला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की इतकी वर्षं मी जे काम केलं ते घरच्या माणसांनाही कधी धड सांगितलेलं नाही.

आता सांगायला सवड आहे. जूनमध्ये सावंगीच्या दवाखान्यात माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालते आहे, पण चढ चढायचा नाही. दसऱ्यानंतर गवताचं बी धरायचे दिवस येतात आणि दरवर्षी त्या दिवसांत मी बरडावर असते, निवृत्त झाल्यावरसुद्धा. यंदा नालवाडीच्या घरात बाल्कनीत बसून असेन. त्यातच एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचं पत्र आलं, तुमच्या कामाचे अनुभव लिहा म्हणून. त्यांना कळवलं की मी नातवंडांना लिहिते आहे, चालत असेल तर तेच छापा. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो. सावकाश वाचा, आणि अडलेले शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून आईला विचारा.

आधी बरड म्हणजे काय ते सांगते. आमच्या भागात काळ्या मातीचं वावर संपून जिथे मुरमाड, दगडाळ चढण सुरू होते, त्या जमिनीला बरड म्हणतात. तिथे कापूस होत नाही, तूर होत नाही. सरकारी कागदांत तिला 'पडीक' लिहितात. पण ती कधीच रिकामी नव्हती. तिच्यावर गवत होतं. पाच-सहा जातींचं, कमरेएवढं, मुळांनी मुरूम धरून ठेवणारं. त्यात लावे अंडी घालत, चंडोल गात आणि गाई चरत. पडीक लिहिल्यामुळे ती जमीन सुधारायला प्रत्येक जण मोकळा झाला. कुणी एका योजनेत खड्डे खणून झाडं लावली. ती मेली, पण खड्ड्यांनी गवताची मुळं तोडली. मग रस्त्यासाठी मुरूम काढला. उघड्या पडलेल्या जमिनीवर रानतुळस आणि रायमुनिया पसरली. रायमुनिया म्हणजे ते काटेरी झुडूप, लहान लाल-पिवळ्या फुलांचं. दिसायला छान, पण त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही आणि गाई त्याला तोंड लावत नाहीत.

अशी बिघडलेली जागा मुळात होती तशी परत करायची, हे माझं काम. मी नागपूरच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले, मग कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं, दोन वर्षं ते शिकवलंही, आणि नंतर वर्ध्यातल्या एका संस्थेत या कामाला लागले. बऱ्याच टेकड्यांवर काम केलं. त्यातल्या एकाच बरडाविषयी लिहिते, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली.

केळझरला एस.टी.तून उतरायचं, गणपतीच्या वाटेवरच्या टपरीत चहा घ्यायचा आणि आत तासभर चालायचं, म्हणजे ते गाव यायचं. पहिल्या दिवशी मी बरडावर दोरी घेऊन मापं घेत होते. एक उंच, वाळका माणूस काठीवर हनुवटी टेकवून बराच वेळ बघत उभा होता. त्याच्या मागे चौदा गाई. गवळाऊ जातीच्या, पांढऱ्या, लांब तोंडाच्या, हलक्या पायांच्या. या जातीच्या गाई आमच्याच भागातल्या. गावात ट्रॅक्टर आल्यावर इतरांनी त्या काढून टाकल्या होत्या. एकट्या याने, किसन गवळ्याने, राखल्या होत्या.

"काय करून राह्यल्या बाई?" त्याने विचारलं.

"इथे गवत परत आणायचं आहे."

"गवत आनाले कोनी जाते का जी? गवत तं येते."

"मग आलं का नाही?"

यावर तो हसला आणि काठी उचलून रायमुनियाच्या एका झुडपावर मारली. "हे बयाड येऊन बसली ना मंदात." बयाड म्हणजे वेडी, मंदात म्हणजे मध्ये.

किसनभाऊ आणि त्याची बायको वेणूबाई यांच्याशी आमचा सौदा झाला तो त्यांच्या अंगणात. आम्ही रायमुनिया उपटणार, चांगल्या गवताचं बी पेरणार. पण कोवळं गवत जोपर्यंत मूळ धरत नाही तोपर्यंत बरड कुंपण घालून गुरांना बंद ठेवावं लागतं. आणि बरडावर चरणारी गुरं उरली होती ती फक्त त्याची. मी दोन पावसाळे मागितले.

"अन् आमच्या गाईइनं दोन साल का खावं?" वेणूबाई म्हणाली. "तुमच्या वह्या?"

"चूप राय ना तू," किसनभाऊ म्हणाला, पण त्याचंही तोंड कसनुसं झालं होतं. थोडा वेळ त्याने हिशेब केला. सोयाबीनचं कुटार होतं, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. शेतांचे धुरे, म्हणजे बांध, होते. "दोन पावसाळे निभते. तिसऱ्याले मी गाई घालीन बाई. तवा आडव्या येऊ नका."

"उलट मीच फाटक उघडेन," मी म्हटलं. तो शब्द मी दिला.

आता बियांविषयी. आम्हाला हवं होतं ते गवत म्हणजे पवन्या. गुरं सगळ्यात आधी तेच शोधतात. त्या सगळ्या परिसरात पवन्या एकाच ठिकाणी उरला होता, टेकडीच्या मागच्या अंगाला, खडकांच्या बेचक्यात, जिथे मशीनही पोहोचलं नव्हतं आणि नांगरही. पवन्याचं बी पिकलं की नाही ते पाहायची सोपी रीत आहे. तुऱ्यावरून हात खालून वर फिरवायचा. बी हातात सुटून आलं तर पिकलं, नाही आलं तर उद्या परत यायचं. प्रत्येक बीला एक लांब, काळपट, मध्ये वाकलेलं कुसळ असतं, केसासारखं. ही कुसळं साडीत, चादरीत, केसांत, सगळीकडे अडकतात. पोत्यात भरलं की बियांचा एकच गुंता होतो. ना मोजता येतं, ना वजन करता येतं, ना मुठीने सारखं फेकता येतं.

मला व्यवस्थितपणाचं वेड, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावलेल्या तुम्ही पाहिल्या आहेत. मी ठरवलं की बी साफ करायचं. गावातल्या पाच बायका वेणूबाईच्या अंगणात बसवल्या. गोणपाटावर बी पसरायचं, विटेच्या तुकड्याने हलकं रगडायचं, कुसळं मोडून पडली की सुपात पाखडायचं. खाली राहायचं ते स्वच्छ, बारीक, सोनेरी बी. मी ते कागदी पिशव्यांत भरून वर तारीख आणि जागा लिहीत होते.

वेणूबाई रगडता रगडता थांबली. "बाई, येचे पाय काऊन तोडून राह्यल्या?"

"पाय नाहीत ते, कुसळ आहे. नुसतं अडकतं. बी आत आहे."

"अन् बिनपायाचं चालन कसं ते?"

बायका खो खो हसल्या. मीही हसले. मग मी त्यांना समजावून सांगितलं की साफ बी किती कमी जागेत मावतं, सारखं कसं पेरता येतं आणि कीड कशी कमी लागते. वेणूबाईने मान डोलावली आणि रगडायला लागली. संध्याकाळी सुपातला कचरा, म्हणजे मोडलेली कुसळं आणि त्यांच्यात गुंतून राहिलेलं न सुटलेलं बी, तिने टोपल्यात भरून गुरांच्या कोठ्यामागच्या उकिरड्यावर टाकलं.

गवताचं बी ताजं पेरून चालत नाही. ते सात-आठ महिने झोपून असतं. त्यामुळे आम्ही पुढच्या जूनमध्ये, जमीन ओलावल्यावर पेरलं. रायमुनिया मुळासकट उपटून झाली होती. उपटल्यावर बरड आणखीच उघडं, उजाड दिसत होतं. ऑगस्टमध्ये तिथे तरोट्याचं तण आलं, रानतुळस आली, पवन्या आला नाही. मध्ये पावसाने तीन आठवड्यांचा खंड दिला होता. मी अहवालात तेच कारण लिहिलं. दिवाळीत पुन्हा बी धरलं, पुन्हा साफ केलं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात आदल्या वर्षीच्या दुप्पट पेरलं.

माझी त्या काळातली वही अजून आहे. दुसऱ्या पावसाळ्यातल्या एका पानावर माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं आहे, 'मुंग्या विपुल. वारुळांच्या तोंडाशी टरफलांचे ढीग. जमिनीत जीव परततो आहे.' ती टरफलं आमच्या बियांची होती. माझ्याच पेरणीचा फडशा पडत होता, आणि मी आनंदाने त्याची नोंद करत होते.

सप्टेंबरात एका दुपारी मी बरडावरून उतरत होते. वेणूबाईने अंगणातून हाक मारली. "बाई, इकडे या जरा. तुमाले एक गंमत दाखवतो."

ती मला कोठ्यामागे घेऊन गेली. मी त्या बाजूला याआधी कधी गेलेच नव्हते. उकिरड्याच्या कडेने, जिथे शेण-माती पसरून घट्ट झाली होती, तिथे पवन्याची थोंबं, म्हणजे झुपके, उभी होती. दाट, मांडीएवढी, तुऱ्याला आलेली.

"हे कधी आलं?"

"मागच्याच साली उगवलं होतं. मी वासराले कापून घातलं. औंदा कापलं नाई, म्हटलं पाहू का होते तं."

"मग मला सांगितलं का नाही वेणूबाई?"

"तुमाले सांगनारी मी कोन जी? तुमी शिकल्या-सवरल्या. मी तं पहिल्याच दिवशी सांगतलं होतं, पाय तोडू नका म्हून. तवा हसल्या तुमी."

"तुम्हीही हसलात."

"मी तुमाले हसली."

तिने एक लवकर पिकलेलं बी तोडलं, कुसळासकट. तळहातावर ठेवलं आणि लोट्यातल्या पाण्याचा एक थेंब त्यावर टाकला. क्षणभर काही झालं नाही. मग ते कुसळ हललं. वाकलेला भाग घड्याळाच्या काट्यासारखा हळूहळू फिरायला लागला, एक वळसा, दुसरा वळसा, आणि बीचं टोक तिच्या तळहाताच्या रेषेत टोचायला लागलं.

मुलांनो, मला हे माहीत होतं. मी हे वर्गात शिकवलं होतं. ओल मिळाली की कुसळ पीळ सोडतं, वाळलं की परत पीळ घेतं, आणि त्या पिळाने बी जमिनीत घुसतं. त्यावर मी परीक्षेत प्रश्नसुद्धा घातला होता. पण ते मी इंग्रजीत शिकले आणि इंग्रजीत शिकवलं, फळ्यावर खडूची आकृती काढून. अंगणात गोणपाटावर बसले तेव्हा त्या आकृतीची आणि या कुसळाची माझ्या मनात गाठच पडली नाही. कडक मुरमावर कुसळाशिवाय पडलेलं बी मुंग्यांसाठी ताटात वाढलेलं असतं.

दोन पावसाळे गेले होते.

त्याच संध्याकाळी मी किसनभाऊला सगळं सांगितलं. तो कोठ्याच्या दारात बसून दोर वळत होता. मी बोलत असताना त्याचे हात थांबले नाहीत.

"मंग आता अजून किती?" त्याने विचारलं.

"नवं बी धरायचं, ते झोपायचं, पेरायचं, मूळ धरायचं. तीन पावसाळे."

आत चुलीपाशी वेणूबाईचं भांडं जोरात आपटलं. त्या वर्षी सोयाबीन पिवळं पडून गेलं होतं. कुटार निघणार नव्हतं. धुऱ्यांवर लोकांनी तणनाशक मारायला सुरुवात केली होती. हे तिघांनाही माहीत होतं.

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही गाई घाला. जे काय तण आहे ते खातील. काम फसलं असं मी लिहून देते. चूक माझी आहे."

"फसलं कायले?" त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "उकिरड्यावर आलं ना? मंग येते म्हनजे. आता गाई घातल्या तं मांगच्या अंगाचं हाये तेबी खातीन. मंग बी कुठून आनसान?"

"पण गाई..."

"गाई इकत भेटते बाई. हे गवत कोन्या बजारात भेटते?"

वेणूबाई बाहेर आली. "म्हना, म्हना अजून. शिकलेल्या बाईच्या नादाले लागून हा बी शिकला." आणि मग माझ्याकडे वळून, डोळ्यांना पदर न लावता, सरळ म्हणाली, "बाई, ते गवत आलं नाई ना, तं या घरात चा मागू नका."

बारा गाई गेल्या. त्या नेल्या त्या सकाळी मी मुद्दाम गेले. न जाणं सोपं होतं, पण ते बरोबर नव्हतं. गाई टेम्पोत चढेनात. ज्याने घेतल्या तो माणूस काठी उगारायला लागला, तेव्हा किसनभाऊने त्याला बाजूला केलं आणि एकेकीला नावाने बोलावलं. मोरनी. हरनी. चांदनी. तो हाक मारेल तशी एकेक येऊन चढली. शेवटची चढल्यावर तो फळी लावून खाली उतरला आणि बरडाकडे निघून गेला. कोठ्यात उरल्या कपिली नावाची म्हातारी गाय आणि तिची कालवड.

त्या दिवाळीत आम्ही बी कुसळासकट धरलं. गुंता तसाच ठेवला. मोजमाप सोडलं. जून उजाडल्यावर बरड दाताळ्याने ओरबाडलं आणि बी मूठमूठ विस्कटून टाकलं, वर शेण-मातीचा काला शिंपडला. माझ्या वहीत त्या वर्षी वजनाचा रकाना रिकामा आहे. पहिल्या वर्षी हिरवी सुईसारखी पाती दिसली, मोजकी. मी गुडघ्यांवर बसून ती पाहिली. दुसऱ्या वर्षी थोंबं झाली. तिसऱ्या वर्षी बरडाचा वरचा अर्धा भाग भरला.

ते गवत कसं दिसतं ते तुम्हाला फोनवर दाखवता येत नाही, मी प्रयत्न केला आहे. दिवाळीच्या सुमारास ते तांबूस होतं. सकाळच्या उन्हात वारा आला की सगळी टेकडी एका बाजूला झुकते आणि परत उभी राहते. पायाखालून लावा उडतो तेव्हा दचकायला होतं. मला आता सगळ्यात जास्त आठवतो तो आवाज. वाळलेल्या गवताचा, कुणी दुसऱ्या खोलीत हळू कागद चाळावेत तसा. इथे बाल्कनीत दुपारी रहदारी थांबली की मी तो आवाज येतोय का म्हणून कान देते.

त्याच सुमारास एक साहेब पाहणीला आले होते. कमरेएवढ्या पवन्यात उभे राहून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, ते काम कुठे आहे?" त्यांच्या छापील फॉर्मवर 'जगलेली झाडे' असा रकाना होता. मी काही बोलायच्या आत किसनभाऊ म्हणाला, "साहेब, तुमी उभे हाये ना, तेच काम हाये. जरा बाजूले सरका, दबून राह्यलं." त्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं आणि सही केली.

शब्द दिल्याप्रमाणे फाटक मीच उघडलं. बी झडून गेल्यावर, म्हणजे जेव्हा चरलं तरी गवताचं नुकसान होत नाही तेव्हा. कपिली आणि तिची कालवड, जी आता गाय झाली होती, आत शिरल्या आणि पोटापर्यंत बुडाल्या. त्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. किसनभाऊ काठीवर हनुवटी टेकवून पाहत राहिला.

"चौदाईचं ताट वाढलं बाई," तो म्हणाला, "अन् जेवाले दोघीच."

त्याने तक्रार म्हणून म्हटलं नाही. म्हणूनच मला ते जड गेलं. वेणूबाईने त्या दिवशी चहा केला, मला न विचारता माझ्यापुढे ठेवला.

पुढे दोन वर्षं तो गाई शोधत हिंडला. आर्वीकडच्या बाजाराला गेला, ओळखीच्या गवळ्यांकडे गेला. गवळाऊ म्हणून दाखवत त्या मिश्र निघत. हातात दोर घेऊन जायचा आणि तोच दोर गुंडाळून परत यायचा. 'गाई इकत भेटते' हे त्याचं बोलणं खरं ठरलं नाही. ते मी त्याला कधी म्हटलं नाही आणि त्यानेही कधी काढलं नाही. मग त्याची कंबर गेली. चार वर्षांपूर्वी तो वारला. मी त्याच्याकडे एकदाही नीट माफी मागितली नाही. प्रत्येक वेळी वाटायचं की तो विषय निघाल्यावर मागू, आणि त्याने तो कधी काढलाच नाही. तुम्हाला लिहिताना हे लिहिलं नसतं तर बाकी लिहिण्यात अर्थ नव्हता.

परवा वेणूबाईचा फोन आला. तिला गुडघ्याचं कुणाकडून तरी कळलं होतं.

"औंदा येजा असं म्हनत नाई," ती म्हणाली. "बी आमी धरतो. पोरी हायेत पाच-सात. तुमी घरी राहा, औषिध घ्या."

"कुसळासकट धरा," मी म्हटलं.

"अवो बाई!" ती फोनवर केवढ्याने हसली. "मले सांगता?"

बरडाचा वरचा अर्धा भाग आज पवन्याने झाकलेला आहे. खालच्या अंगाला रायमुनिया अजून आहे, ती दरवर्षी उपटावी लागते. मुरमाच्या खड्ड्यांत काही उगवलेलं नाही. लावे आहेत, चंडोल आहेत. वाळलेलं गवत गावातली माणसं ठरवून, वाटणी करून कापून नेतात. वेणूबाईच्या कोठ्यात तीन गवळाऊ गाई आहेत, तिन्ही कपिलीच्या वंशातल्या. बी झडलं की त्या बरडावर चरायला जातात.